यंत्रांची विचारपूस : बोटीच्या इंजिनाला रिंग गॅप किती ठेवायची?

बडोद्याला समुद्र नाही, पण बोअरिंग-होनिंग, म्हणजे सिलिंडर कोरून दगडाने घासणं, करणारे हात आहेत. यावेळच्या पत्रांत ब्लोअर (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) बसवलेल्या बोटीच्या इंजिनांचे प्रश्न इतके आले, की पंपांचे आणि शिलाई यंत्रांचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. ज्यांचे प्रश्न राहिले त्यांनी रागावू नये. नवख्यांसाठी : रिंग म्हणजे पिस्टनभोवतीची चिरलेली कडी, गॅप म्हणजे तिच्या दोन तोंडांमधली फट.

प्रश्न : एका ग्राहकाच्या स्पीडबोटीचं ५.७ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन बांधतो आहोत. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १०१.६ मिमी, ३० थाउ (इंचाचे हजारावे भाग) ओव्हरसाइझ मारून १०२.३६ झाला. पिस्टन फोर्ज्ड, वर रूट्स ब्लोअर, बूस्ट (ब्लोअरने चढवलेला हवेचा दाब) ७ पीएसआय. थंड करायला बाहेरचंच पाणी ब्लॉकमधून फिरतं. रिंगा पाकिटातून काढून बोअरमध्ये बसवल्या तर ०.४६ मिमी गॅप येते. साध्या गाडीला आम्ही एवढीच ठेवतो. इथे चालेल का?
— वर्कशॉपचालक, मकरपुरा जीआयडीसी

उत्तर : नाही चालणार. पहिल्याच लांब फेरीत रिंगची तोंडं एकमेकांना भिडतील.

आधी पिस्टनच्या खोक्यातला कागद शोधा. पिस्टन किंवा रिंग बनवणाऱ्याने ब्लोअरसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच शेवटचा. कागद हरवला असेल तर कारागिरांत चालणारा हिशोब असा : बोअरला एका आकड्याने गुणायचं. ब्लोअर नसलेल्या जोरदार इंजिनाच्या पहिल्या रिंगला ०.००४५, रस्त्यावरच्या गाडीत थोडा बूस्ट असेल तर ०.००५०, आणि सतत बूस्टवर राबणाऱ्या इंजिनाला ०.००६०. बोअर मिमीत घेतला की गॅप मिमीत येते, इंचात घेतला की इंचात. तुमचे ०.४६ म्हणजे १०२.३६ गुणिले ०.००४५, म्हणजे ब्लोअर नसलेल्या इंजिनाचं माप. तुम्हाला हवं १०२.३६ गुणिले ०.००६०, म्हणजे ०.६१ मिमी, थाउमध्ये २४. दुसऱ्या रिंगला ०.६६ ते ०.७१ ठेवा. ऑइल रिंगच्या दोन पातळ पट्ट्यांना किमान ०.३८ मिमी असली म्हणजे झालं, तिथे घासाघाशीची गरज सहसा पडत नाही.

आता ७ पीएसआय म्हणजे काही फार बूस्ट नाही, गाडीला एवढ्यावर ०.००५० पुरतं, मग बोटीला जास्त कशासाठी, असं तुम्ही विचाराल. कारण दोन. एक तर बोट कायम चढावर असते. गाडी सिग्नलला थांबते, उतारावर मोकळी पळते. बोटीचा पंखा पाणी कापतो ते सलग, आणि पाण्यावर उचललेली बोट तासभर ४५०० आरपीएमवर राहिली तर तो तासभर पिस्टनला विसावा नाही.

दुसरं कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : बोटीचा ब्लॉक थंड असतो. ऐकायला ही चांगली गोष्ट वाटते, पण गॅपच्या दृष्टीने वाईट. रिंग तापून लांब होते, त्याच वेळी सिलिंडरही तापून मोठा होतो, आणि गॅप मिटते ती या दोघांच्या फरकाएवढी. १०२.३६ च्या बोअरचा परीघ ३२१.६ मिमी. लोखंडाची एवढी लांबी दर अंशाला साधारण ०.००३७ मिमी वाढते. समजा वर्कशॉपमध्ये ३० अंश आहे. गाडीत रिंग २३० अंशांवर गेली, म्हणजे २०० अंश चढली, तर ती ०.७४ मिमी वाढेल. सिलिंडरची भिंत १२० वर, म्हणजे ९० अंश चढली, तर परीघ ०.३३ वाढेल. गॅप मिटली ०.४१. तुमच्या ०.४६ मधून ०.०५ उरली. ठीक.

हेच बोटीत करा. बाहेरचं पाणी थेट फिरवणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपासचा असतो, कारण त्याहून गरम केलं तर खाऱ्या पाण्यातला क्षार ब्लॉकमध्ये बसायला लागतो. भिंत ९० वर धरू, म्हणजे चढण ६० अंश, वाढ ०.२२. रिंग मात्र सलग भारामुळे २४० वर धरू : २१० अंश, ०.७८. गॅप मिटली ०.५६. तुमच्या ०.४६ मध्ये हे बसणार कुठे? ०.१० मिमी लोखंडाला जायला जागाच नाही. ०.६१ ठेवलीत तर ०.०५ उरते. तापमानं इथे हिशोबासाठी धरलेली आहेत, प्रत्येक इंजिनाची थोडी इकडेतिकडे असतील. पण काटा कोणत्या बाजूला झुकतो ते यात दिसतं.

बंद कूलिंगचं, म्हणजे हीट एक्स्चेंजर लावलेलं इंजिन असेल तर पाणी ७० अंशांच्या वर चालतं आणि भिंत जरा गरम राहते. तरी ०.५६ च्या खाली उतरू नका. मोठ्या गॅपने जाते ती थोडी ताकद, लहान गॅपने जातो तो पिस्टन.

प्रश्न : रिंगा घासायची बरोबर पद्धत कोणती? आमच्याकडे कुणी व्हाइसमध्ये कानस धरून घासतं, कुणी हँडलच्या ग्राइंडरवर. एकाच रिंगचं माप सकाळी एक येतं, दुपारी दुसरं.
— फिटर, प्रतापनगर

उत्तर : आधी मापाचं बोलू, कारण तुमची अडचण खरी तिथे आहे. वरच्या हिशोबातले ०.००३७ मिमी इथेही लागू आहेत. रिंग एसीच्या केबिनमध्ये २४ अंशांवर आणि ब्लॉक पत्र्याच्या शेडमध्ये ४२ वर असेल, तर १८ अंशांत ०.०६७ मिमीची फसगत होते : रिंग आखडलेली, गॅप मोठी दिसते, आणि तुम्ही ‘झालं’ म्हणून सोडून देता. उलट, आत्ताच घासलेली किंवा मुठीत धरून गरम झालेली रिंग गॅप लहान दाखवते आणि जास्त घासली जाते. रिंगा आणि ब्लॉक रात्रभर एकाच जागी ठेवा. घासल्यावर रिंग बोअरमध्ये बसवून दोन मिनिटं थांबा, मगच फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पानांचं माप) घाला. बडोद्याच्या मे महिन्यात हे काम सकाळी ९ च्या आत उरकलेलं बरं.

माप घेताना रिंग बोअरमध्ये साधारण २५ मिमी खाली आणि चौफेर सरळ बसलेली हवी. खास स्क्वेअरिंग टूल नसेल तर पिस्टन उलटा धरून त्याच्या माथ्याने रिंग खाली ढकला. रिंग तिरकी असली की माप खोटं येतं. हेडच्या जागी टॉर्क प्लेट (हेडसारखाच ताण देणारी जाड पाटी) कसून होनिंग केलं असेल तर माप घेतानाही प्लेट कसलेलीच असू द्या. गेजचं पान हलकं घासत गेलं पाहिजे : ०.६० चं पान किंचित अडकत जातं आणि ०.६५ चं जातच नाही, म्हणजे तुम्ही ०.६१ च्या जवळ आहात.

ताज्या बोअरमध्ये वर-खाली गॅप सारखी यायला हवी. ती बदलत असेल तर दोष बोअरमध्ये आहे. बोअर ०.०१ मिमीने बदलला की गॅप ०.०३१ ने बदलते, त्यामुळे रिंग आणि फीलर हीच गरिबाची बोअर गेज. खाली नेल्यावर गॅप ०.०९ ने कमी झाली, तर बोअर तिथे ०.०३ ने अरुंद आहे. मग रिंगा बाजूला ठेवून होनिंगवाल्याला फोन करा.

आता घासणं. कानस किंवा हँडलचा ग्राइंडर, दोन्ही चालतात, पण नियम एकच : एकाच तोंडाला घासायचं, आणि दगड किंवा कानस बाहेरच्या अंगाकडून आत न्यायची. पहिल्या रिंगच्या बाहेरच्या अंगावर मॉलिब्डेनमचा थर फवारलेला असतो. आतून बाहेर घासलं तर थराचा टवका उडतो, आणि पुढे तोच टवका बोअरमध्ये रेघ ओढतो. दुसरं तोंड जसं आलं तसं ठेवा, ते तुमचं सरळपणाचं माप आहे. रिंग हाताने अलगद मिटून तोंडं टेकवा आणि उजेडाकडे धरा. फट पाचरीसारखी दिसली तर घासणं तिरकं झालं आहे.

हँडलचे दोन फेरे द्या, मोजा, एका फेऱ्याला किती निघतं ते ध्यानात घ्या. शेवटच्या ०.०५ मध्ये प्रत्येक फेऱ्याला मोजा. ०.६१ ऐवजी ०.६५ झाली तर घाबरू नका, रिंग फेकू नका. ०.५५ वर ‘चालतंय’ म्हणून थांबलात तर मात्र घाबरा. मग तोंडाच्या कडांना राहिलेली बारीक बर (धातूची उभी राहिलेली कूस) ४०० नंबरच्या पेपरने किंवा बारीक दगडाने काढा, नुसती कड मोडेल एवढीच. चँफर, म्हणजे तिरका उतार, करायचा नाही. ही बर नखाला जाणवते, डोळ्यांना दिसत नाही.

प्रत्येक सिलिंडरची रिंग त्याच सिलिंडरला. आठ खिळ्यांच्या फळीवर १ ते ८ आकडे लिहून रिंगा टांगल्या की गोंधळ होत नाही. शेवटी बोअर गरम पाणी आणि कपड्यांच्या साबणाच्या पावडरीने ब्रश मारून धुवा. नुसत्या रॉकेलने होनिंगची भुकटी निघत नाही, ती रेघांमध्ये बसून राहते. पांढरा कपडा फिरवा. तो करडा येणं थांबेपर्यंत धुवत राहा, आणि वाळताक्षणी ऑइलचा हात फिरवा, नाहीतर डोळ्यांदेखत गंज चढतो.

प्रश्न : जुन्या पुस्तकात दुसऱ्या रिंगची गॅप पहिलीपेक्षा कमी दिली आहे. तर्क सोपा वाटतो : दुसरी रिंग थंड असते, कमी वाढते. तुम्ही उलट का सांगता?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कलाभवन

उत्तर : तुमचा तर्क बरोबर आहे, पण अर्धा. पहिल्या रिंगमधून थोडा वायू गळतोच. दुसरी घट्ट असेल तर तो दोन रिंगांच्या मधल्या जागेत कोंडतो. पहिल्या रिंगला खोबणीच्या तळाशी दाबून धरणारा दाब वरून येतो. मधला दाब खालून चढला की रिंग खोबणीत उचलली जाते आणि फडफडते. ती फडफडली की गळती एकदम वाढते. दुसरीची गॅप मोठी ठेवली की कोंडलेला वायू खाली निघून जातो. शिवाय दुसऱ्या रिंगचं मुख्य काम ऑइल खरवडून खाली पाठवणं हे आहे, वायू अडवणं नंतरचं. पुस्तक फेकू नका, त्याच्या काळच्या मंद इंजिनांना ते माप चाललं असेल.

प्रश्न : बाहेर बांधून घेतलेलं ब्लोअरवालं इंजिन २० तासांत गेलं. दोन पिस्टनचा माथा पहिल्या रिंगच्या खोबणीपासून उचकटला आहे. बांधणारे म्हणतात पेट्रोल खराब होतं. खरं कसं कळणार?
— बोटमालक, अलकापुरी

उत्तर : मोडलेले दोन पिस्टन बाजूला ठेवा आणि न मोडलेल्या सहा सिलिंडरच्या रिंगा काढा. त्या साक्षीदार आहेत. तोंडं काळी, मळकट, कार्बन धरलेली असतील तर ती कधी भिडली नाहीत. दोन्ही तोंडं आरशासारखी चमकत असतील तर ती एकमेकांवर आपटत होती, आणि हिशोब सरळ आहे : गॅप कमी होती. भिडलेल्या रिंगला फुलायला जागा नसते, ती बोअरवर दाबली जाते, त्यावर उभ्या रेघा पडतात, आणि वरच्या बाजूला पिस्टन रिंगला आणि रिंग पिस्टनला ओढते. त्यात पहिल्या खोबणीच्या वरची कडा उचकटते, अगदी तुम्ही वर्णन केली तशी.

पेट्रोल खराब असलं की होणाऱ्या डिटोनेशनची, म्हणजे इंधन एकदम भडकण्याची, खूण वेगळी. पिस्टनच्या माथ्याच्या कडेला वाळूचा मारा झाल्यासारखे बारीक खड्डे दिसतात, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे चमकदार ठिपके उडालेले असतात. भिंगातून बघा. ठिपके नसतील आणि तोंडं चमकत असतील, तर पेट्रोलवर ढकलता येणार नाही.

दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर पेट्रोलकडेही बघायला हवं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. निव्वळ पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ९ टक्के जास्त इंधन हवं. जुन्या पेट्रोलवर बसवलेले कार्ब्युरेटरचे जेट (इंधन सोडणारी बारीक भोकं) तसेच ठेवले तर इंजिन लीन, म्हणजे कमी इंधनावर, चालतं, माथा तापतो, रिंग जास्त वाढते, आणि काठावर ठेवलेली गॅप तिथेच संपते. बांधणाऱ्याशी बोलताना जेटचे नंबर आणि आठही सिलिंडरच्या गॅपची लेखी नोंद मागा. नोंद नसेल तर ते बोलणं फार लांबत नाही.

प्रश्न : रिंगांच्या गॅप १२० अंशांवर फिरवून बसवतो, तरी इंजिन उघडल्यावर दोन गॅप एका रेषेत सापडतात. चूक कुठे होते?
— दांडिया बाजार

उत्तर : कुठेही नाही. रिंगा चालताना खोबणीत हळूहळू फिरत राहतात. बसवताना पहिली आणि दुसरी समोरासमोर ठेवा, पिनच्या रेषेत आणि थ्रस्टच्या (पिस्टन भिंतीवर दाबला जातो त्या) बाजूला ठेवू नका, आणि पुढची काळजी सोडा. काळजी करायचीच असेल तर ऑइल रिंगच्या लाटेसारख्या एक्सपांडरची करा : त्याची टोकं एकावर एक चढली तर इंजिन पहिल्या दिवसापासून ऑइल खातं. टोकं समोरासमोर टेकलेली डोळ्यांनी बघूनच पट्ट्या चढवा. रिंगवरचा ठिपका किंवा खूण नेहमी वर.

प्रश्न : अलंगच्या जहाजतोडणी बाजारातून जीएमचं ६-७१ डिझेल मिळतंय. ब्लोअर आधीच आहे. त्यालाही ०.००६० चाच हिशोब?
— पादरा

उत्तर : नाही. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्यात स्वतःची हवा ओढायचा स्ट्रोक नसल्याने ब्लोअर नुसता जुना धूर ढकलून नवी हवा भरतो, तुमच्या स्पीडबोटीसारखा बूस्ट चढवत नाही. ६-७१ मधला ७१ म्हणजे एका सिलिंडरचे ७१ घन इंच. त्याची गॅप त्याच्याच मॅन्युअलमधून घ्या. ब्लोअर दिसला म्हणून पेट्रोल इंजिनाचा गुणक लावू नका. माप घेताना रिंग लायनरच्या वरच्या, न झिजलेल्या भागात ठेवा, पोर्टांच्या (भिंतीतल्या हवेच्या भोकांच्या) पट्ट्यात नको. आणि पैसे मोजण्यापूर्वी पोर्टांची झाकणं उघडवून आत टॉर्च मारा. रिंगा तिथूनच दिसतात. क्रँक हाताने फिरवत एकेक रिंग पोर्टासमोर आणा आणि लाकडी काडीने दाबून बघा : दबून परत आली तर जिवंत, कार्बनने खोबणीत चिकटून बसली असेल तर किमतीतून नवा रिंग सेट आणि सहा सिलिंडरची मजुरी वजा करा.

प्रश्न : रिंगा ०.६१ ला घासून इंजिन बांधलं. सुरू केल्यावर ब्रीदरमधून (क्रँककेसच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) धूर येतो. गॅप जास्त झाली का?
— मांजलपूर

उत्तर : सुरू करून किती वेळ झाला, ते लिहिलं नाहीत. थंड इंजिनात ०.६१ ची गॅप ०.६१ च असते, त्यामुळे सुरुवातीची दहा मिनिटं ब्रीदर फुंकर मारणारच. इंजिन गरम करून लीक-डाउन टेस्ट घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजा. ५ ते १० टक्के आली तर इंजिन ठीक आहे. २० च्या पुढे असेल तर रिंगा अजून बसलेल्या नाहीत, किंवा बोअर चकचकीत होऊन बसला आहे. त्याचं नेहमीचं कारण म्हणजे नवं इंजिन धक्क्याला बांधून तास-तास नुसतं आयडलवर ठेवणं. रिंगेला बोअरवर बसायला भार लागतो. पहिल्या तासात मिनरल ऑइल घालून बोट बाहेर काढा, थ्रॉटल २००० ते ३००० आरपीएममध्ये सतत वर-खाली करत राहा, बूस्टचा काटा हलू देऊ नका. मग ऑइल आणि फिल्टर बदला, आणि फिल्टर कापून त्याच्या घड्या उघडून बघा. थोडी करडी भुकटी असणार. चमचमते चकते दिसले तर बोट पुन्हा पाण्यात घालू नका.